‘क्लॉन’च्या पुढे काय? एका डिस्चार्ज समरीचं प्रकरण

औषधाचं नाव अर्धंच ऐकू येतं, मात्रा पेजरच्या आवाजाखाली दबते आणि फाइल तर ठरल्या वेळेत परत द्यायची असते. अशा वेळी काय टाइप करायचं आणि काय सोडून द्यायचं, यावर आमच्या टीममध्ये एका डिस्चार्ज समरीने चांगलीच जुंपवली होती. ते सगळं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. रुग्णाची ओळख पटेल असं यात काही नाही. वय, वेळा, आजूबाजूचे तपशील बदललेले आहेत. औषधांची भानगड मात्र जशी होती तशी आहे.

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतला डॉक्टर राउंड संपवून फोन उचलतो आणि घरी सोडलेल्या रुग्णाची अख्खी हकिगत बोलून टाकतो: का दाखल झाला, काय सापडलं, काय केलं, कोणत्या गोळ्या देऊन पाठवला. हीच डिस्चार्ज समरी. तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार. ती फाइल इकडे येते, आम्ही ऐकून टाइप करतो, क्यूए म्हणजे गुणवत्ता बघणारा माणूस ते तपासतो, आणि मग ती डॉक्टरांच्या सहीसाठी परत जाते. २००० च्या आसपास पुण्या-मुंबईत या कामाचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. तेव्हा सगळं कोऱ्या पानावर टाइप करायचं आणि पासष्ट अक्षरांची एक ओळ धरून पैसे मिळायचे. आता बहुतेक फाइलींवर आधी मशीन हात फिरवतं. आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर कच्चा मसुदा देतं आणि एमटीने, म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्टने, तो ऐकत ऐकत दुरुस्त करायचा. काम निम्मं झालं म्हणतात. मला विचाराल तर कामाचा सोपा निम्मा भाग गेला आणि अवघड निम्मा राहिला. त्यातही एक नवी अडचण आली, तिच्याकडे येतेच.

फाइल

फाइल साडेसहा मिनिटांची. डॉक्टर अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, स्वर ताणून बोलणारे, आणि औषधांची यादी आली की एकदम घाई सुटणारे. बोलत होते नर्सिंग स्टेशनजवळच्या फोनवरून. मागे मॉनिटरची टिकटिक, कुणाचं तरी हसणं, आणि कमरेला लावलेला पेजर. आमच्याकडे तेलुगू किंवा पंजाबी वळणाचं इंग्रजी बोलणारे डॉक्टरही असतात. तिकडचे संपादक त्यांना अवघड म्हणून शिक्का मारतात, आणि आमच्या मुली त्यांच्या फाइली मागून घेतात. आमची गाळण उडते ती अशा ऐसपैस दाक्षिणात्य अमेरिकन बोलीने.

रुग्ण सत्तरीतली बाई. डोकं ठणकतंय, हात कापताहेत, छातीत धडधडतंय म्हणून आली. वरचा रक्तदाब दोनशेच्या पुढे. जुना रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आणि बऱ्याच वर्षांची अँग्झायटी. घरची एक गोळी संपून तीन दिवस झाले होते. ती गोळी परत सुरू केली, बाकीची औषधं थोडी इकडेतिकडे केली, दाब उतरला, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

फाइल केली होती सांगलीहून घरून काम करणाऱ्या आमच्या एका मुलीने. बीएस्सी मायक्रो, कान तयार, औषधांचा अभ्यासही चांगला. तिने मला तीन जागा दाखवल्या आणि म्हणाली, “ताई, तीनही जागी ड्राफ्ट बरोबरच वाटतोय, पण तुम्ही एकदा ऐका.”

तीनपैकी दोन जागी ड्राफ्ट चूक होता. तिसऱ्या जागेचं सांगायला बराच वेळ लागेल.

सुटलेल्या दोन गाठी

पहिली गाठ इजेक्शन फ्रॅक्शनची. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तातला किती टक्के भाग बाहेर फेकतो, तो हा आकडा. मशीनने लिहिलं होतं १५ टक्के. पंधरा आणि पन्नास, म्हणजे फिफ्टीन आणि फिफ्टी, हा या धंद्यातला सनातन घोळ आहे. एकटा शब्द म्हटला तर फिफ्टीनचा जोर शेवटावर येतो आणि फरक कळतो. पण पुढे ‘पर्सेंट’ आला की तोच जोर पहिल्या अक्षरावर सरकतो आणि शेवटचा ‘न’ पुढच्या ‘प’मध्ये बुडतो. मग कितीही ऐका, कान काही सांगत नाही.

इथे कानाची गरजही नव्हती. पुढच्याच वाक्यात डॉक्टर म्हणतात की हृदयाच्या भिंतींची हालचाल सगळीकडे व्यवस्थित आहे, फक्त पहिल्या पायरीचा डायस्टोलिक दोष आहे. पंधरा टक्क्यांचं हृदय म्हणजे जवळजवळ थकलेलं हृदय; त्याच्या भिंती व्यवस्थित हलत नसतात. बाई कॉरिडॉरमध्ये चालल्या, दम लागला नाही, असंही पुढे आहे. हार्ट फेल्युअर हा शब्द निदानांत कुठेही नाही. पन्नास. शंकेला जागा नाही, ब्लँकलाही (न कळलेल्या शब्दासाठी सोडलेली रिकामी जागा) नाही.

दुसरी गाठ रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. मशीन म्हणतं, ‘नॉट ऑन कुमाडिन’. कुमाडिन हे वॉरफेरिनचं ब्रँडचं नाव. घाईत बोललेलं ‘नाऊ ऑन’ आणि ‘नॉट ऑन’ यांत फोनवर फारसा फरक उरत नाही, अर्थात मात्र पूर्ण उलटापालट होते. आधीचं वाक्य ऐकलं तर बाईंना पूर्वी एलिक्विस, म्हणजे रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, होतं, ते परवडेना म्हणून बंद केलं, असा संदर्भ. तपासण्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.४. वॉरफेरिन न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो; एट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफेरिन देतात तेव्हा तो दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो. डिस्चार्जच्या यादीत कुमाडिन आहे, आणि आठवड्याने आयएनआर तपासायला सांगितलं आहे. ‘नाऊ ऑन’.

या दोन्ही ठिकाणी आम्ही बेधडक शब्द भरले. ऐकू येणाऱ्या आवाजाशी तो शब्द जुळत होता आणि फाइलमधला दुसरा, स्पष्ट ऐकू येणारा पुरावा बाकीचे पर्याय बाद करत होता. दोन्ही अटी हव्यात. नुसता जुळणारा आवाज पुरत नाही. नुसता वैद्यकीयदृष्ट्या शोभणारा शब्दही पुरत नाही, कारण डॉक्टर जे शोभेल तेच बोलतील असं नाही.

क्लॉन…

आता तिसरी. बाईंची संपलेली गोळी. डॉक्टर तिचं नाव दोनदा घेतात. पहिल्यांदा दाखल झाल्यावरच्या हकिगतीत, तोंडात काहीतरी चघळत; ‘क्लॉन’ एवढं कळतं, पुढचं गिळलेलं. दुसऱ्यांदा डिस्चार्जच्या यादीत. तिथे ‘क्लॉन’, मग काहीतरी, मग ‘पॉइंट’, आणि नेमका त्यावर पेजर वाजतो. पेजर थांबतो तेव्हा ‘आयडी’ एवढं ऐकू येतं, म्हणजे दिवसातून दोनदा किंवा तीनदा. बीआयडी की टीआयडी ते कळत नाही.

मशीनने सरळ लिहून टाकलं होतं: क्लोनोपिन ०.५ मिलिग्रॅम टीआयडी. एक शब्द इकडेतिकडे नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही.

मघाशी म्हटलेली नवी अडचण ती हीच. कोऱ्या पानावर टाइप करताना शब्द कळला नाही तर तो कळला नाही एवढं तरी कळायचं. आता डोळ्यांसमोर एक ठाम उत्तर आधीच छापलेलं असतं आणि कान आपोआप तेच ऐकतो. म्हणून ती मुलगी म्हणाली, “क्लोनोपिनच आहे ताई. परत परत ऐकलं, स्वच्छ ऐकू येतंय.”

मी म्हटलं, “तो शब्द पुसून टाक, चहा पिऊन ये, आणि मग ऐक. वाक्याच्या बरंच आधीपासून ऐक, त्या शब्दापासून नको.”

दहा-पंधरा मिनिटांनी तिचा मेसेज आला: “आता तर काहीच ऐकू येत नाहीये!”

दोन उमेदवार होते. एक क्लोनिडीन, रक्तदाबाची गोळी. दुसरी क्लोनोपिन, म्हणजे क्लोनाझेपाम, अँग्झायटी आणि फिट्सची गोळी. इंग्रजीत क्लोनिडीन सी-ने लिहितात, क्लोनोपिन के-ने. नावांच्या सारखेपणामुळे ही जोडी औषधसुरक्षेच्या जगात बदनाम आहे. गोंधळ होणाऱ्या नावांच्या ज्या याद्या अमेरिकेत प्रसिद्ध होतात, त्यांत ती असते, आणि फरक डोळ्यांत भरावा म्हणून ही नावं छापताना त्यांतली काही अक्षरं मुद्दाम मोठी घालतात. असे घोळ नवे नाहीत. आपल्याकडे ओमेप्राझोल म्हणतो ती ॲसिडिटीची गोळी अमेरिकेत सुरुवातीला लोसेक नावाने आली होती. लेसिक्स या लघवी वाढवणाऱ्या गोळीशी गल्लत होते म्हणून १९९० मध्ये तिचं प्रायलोसेक झालं. ब्रिन्टेलिक्स हे नैराश्याचं औषध ब्रिलिंटा या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळीशी घोळ होतो म्हणून २०१६ मध्ये ट्रिन्टेलिक्स झालं. क्लोनिडीन आणि क्लोनोपिन मात्र अजून तशीच आहेत.

आधी संदर्भाने सोडवून पाहिलं. आणि इथे हे प्रकरण रंगलं, कारण जो पुरावा हाती लागायचा तो दोघांनाही बसायचा.

गोळी संपल्यावर तीन दिवसांत दाब दोनशेच्या वर. क्लोनिडीन अचानक थांबवलं की दाब उसळतो, हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. मी मनात क्लोनिडीनवर टिक मारली. पण क्लोनोपिन अचानक थांबलं तरी हात कापतात, घाम फुटतो, धडधड वाढते, दाबही चढतो. बाईंचे हात कापत होतेच. टिक पुसली.

सूचनांत डॉक्टर अगदी स्पष्ट सांगतात: ही गोळी पुन्हा कधी एकदम बंद करायची नाही. पुन्हा तेच, दोन्ही गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात.

‘पॉइंट’. क्लोनिडीनच्या साध्या गोळ्या ०.१, ०.२ आणि ०.३ च्या येतात, म्हणजे प्रत्येक मात्रेआधी ‘पॉइंट’ येणारच. क्लोनोपिन ०.५, १ आणि २ चं येतं. पेजरखाली ‘वन’, ‘टू’ किंवा ‘थ्री’ असतं तर क्लोनिडीन ठरलं असतं, ‘फाइव्ह’ असतं तर क्लोनोपिन. एका अक्षराने प्रश्न सुटला असता आणि नेमकं तेच अक्षर गेलं होतं. पेजरच्या शिट्टीखालचा आवाज वर काढायची सगळी खटपट केली: बास कमी केला, वेग कमी केला, वेग वाढवला. वेग कमी केला की स्वर लांबतात, व्यंजनं मात्र चिखल होतात. नवीन मुलांना हे पटायला वेळ लागतो. उलट थोडा वेग वाढवला की कधी कधी शब्दाचा घाट एकदम लक्षात येतो. इथे तेही नाही. जुन्या फोनलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचतो. स, फ, ट यांची ओळख पटवणारा बारीक फुसकारा बराचसा त्याच्या वरचा, म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच गाळला गेलेला. हेडफोन कितीही महागाचा घ्या, जे आलंच नाही ते ऐकू येणार नाही.

मग तिनेच एक सुरेख गोष्ट हेरली. डॉक्टरांची यादी अशी होती: अमलोडिपिन, लिपिटॉर, क्लॉन-काहीतरी, फॅमोटिडीन, लिसिनोप्रिल, झोलॉफ्ट, कुमाडिन. रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र नाहीत, हृदयाच्या एकत्र नाहीत, सगळी सरमिसळ. तिने लिपिटॉरच्या जागी मूळ नाव घातलं, अटॉर्व्हास्टॅटिन. झोलॉफ्टच्या जागी सर्ट्रालिन, कुमाडिनच्या जागी वॉरफेरिन. आणि यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागली! ए, ए, मग आमची अडलेली गोळी, मग एफ, एल, एस, डब्ल्यू. डॉक्टर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरची यादी वाचत होते.

“ताई, के असता तर एफच्या नंतर, लिसिनोप्रिलच्या आधी आला असता. ही गोळी ए आणि एफच्या मध्ये आहे. म्हणजे सी. म्हणजे क्लोनिडीन!”

मघाशी क्लोनोपिनवर शपथ घ्यायला निघालेली मुलगी आता तितक्याच खात्रीने क्लोनिडीनच्या बाजूला. तर्क खरंच देखणा होता. क्षणभर मलाही वाटलं, सुटलं.

पण ज्या युक्तीने यादी लागली तीच युक्ती उलटत होती. स्क्रीनवर मूळ नावं आहेत आणि डॉक्टर वाचताना सवयीने त्यांतल्या काहींची ब्रँडची नावं बोलताहेत. स्क्रीनवर वॉरफेरिन, तोंडात कुमाडिन. (कुमाडिन नावाची गोळी कंपनीने २०२० मध्ये बाजारातून काढून घेतली, तरी डॉक्टरांच्या जिभेवरून ते नाव हललेलं नाही.) स्क्रीनवर सर्ट्रालिन, तोंडात झोलॉफ्ट. मग स्क्रीनवर क्लोनाझेपाम आणि तोंडात क्लोनोपिन का नाही? क्लोनाझेपामही सी-नेच सुरू होतं, ते ए आणि एफच्या मध्ये त्याच जागी येतं. त्यात झोलॉफ्ट आणि क्लोनोपिन ही जोडी अँग्झायटीच्या रुग्णांत सर्रास दिसते.

हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “म्हणजे परत आलो तिथेच.”

अगदी तिथेच नाही. एक धागा उरला होता. त्याच यादीत लगेच पुढे फॅमोटिडीन होतं, आणि ते नीट ऐकू येत होतं. डॉक्टर त्याचा शेवट कसा करतात ते पाहिलं. पूर्ण ‘डीन’ नाही. जीभ टाळूला लावून ‘डन’सारखं काहीतरी उरकतात. एरवी ‘पिन’ आखूड आणि ‘डीन’ लांब, या फरकावर भरवसा ठेवता येतो. इथे तो कुचकामी, कारण आखूड स्वर ताणायची यांची खोड आणि यादीत लांब स्वर उरकायची घाई. स्वर सोडून व्यंजन धरलं. ‘प’ म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि ओठ मिटले की निमिषभर आवाज पूर्ण बंद पडतो. हकिगतीतल्या पहिल्या उल्लेखात, चघळण्याच्या आवाजातही, तशी बंद पडलेली जागा जाणवत नव्हती. आवाज सलग पुढे सरकत होता, फॅमोटिडीनच्या शेवटी सरकतो तसाच. दोन तुकडे एकामागोमाग एक लावून ऐकले तर शेपटं सारखी वाटत होती.

म्हणून माझा कौल क्लोनिडीनकडे. दहात सात-आठ म्हणा. पण औषधाच्या नावाला दहात आठ चालत नाहीत.

जुनी कागदपत्रं

याच बाईंचे जुने रिपोर्ट सिस्टीममध्ये होते. सहा महिन्यांपूर्वीच्या क्लिनिकच्या नोंदीत क्लोनिडीन ०.२, दिवसातून दोनदा. त्याआधीच्या इमर्जन्सीच्या एका नोंदीत झोपताना क्लोनाझेपाम. दोन्ही गोळ्या कधी ना कधी घेतलेल्या. जुनी नोंद एखाद्या नावाचं स्पेलिंग ठरवायला उत्तम, डॉक्टर काय म्हणाले असावेत याचा सुगावा द्यायलाही बरी. पण आजची मात्रा तिच्यावरून भरणं म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी आपले शब्द घालणं. बाई दाखल झाल्या त्याच मुळी औषधांचा मेळ बिघडल्याने. त्याच मात्रेवर घरी गेल्या असतील असं गृहीत कशाला धरायचं? अमलोडिपिन पाचावरून दहावर नेल्याचं याच फाइलमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. एक वाढवलं तेव्हा दुसरं कमी केलं असेल, ही शक्यता कुणालाही सुचावी.

मात्रेच्या बाबतीत मी जास्त हट्टी आहे, त्याला एक कारण आहे. अलाबामात एका बाईच्या डिस्चार्जच्या कागदात लेव्हेमिर इन्सुलिन ८ युनिट्सऐवजी ८० युनिट्स टाइप झालं. ट्रान्स्क्रिप्शनचं काम उपकंत्राटाने भारतात आलं होतं. पुढच्या पुनर्वसन केंद्रात तो आकडा तसाच उचलला गेला आणि २००८ मध्ये त्या बाईचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या ज्यूरीने तिच्या कुटुंबाला १४ कोटी डॉलरची भरपाई देण्याचा निकाल दिला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे प्रकरण ऐकलेलं असतं, आणि तरी पहाटे पाच वाजता शेवटची फाइल संपवायच्या घाईत ते आठवतंच असं नाही. जॉइंट कमिशन या अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये टाळायच्या संक्षेपांची यादी काढली, तिच्यातले नियम याच जातीच्या चुकांसाठी आहेत: युनिटसाठी नुसतं एक अक्षर लिहायचं नाही, पूर्णांकानंतर दशांश देऊन शून्य जोडायचं नाही, आणि दशांशाआधी शून्य टाकायचंच. डॉक्टर ‘पॉइंट वन’ म्हणाले तरी आम्ही ०.१ लिहितो.

काय पाठवलं

क्लायंटच्या सूचनांनुसार रिपोर्टच्या मजकुरात ‘असं ऐकू येतं’ छापाचा शेरा चालत नाही. तसा शेरा सहीनंतरही कागदात राहून जाण्याची भीती असते, म्हणून हा नियम मला पटतो. मजकुरात दोन्ही ठिकाणी ब्लँक ठेवली: हकिगतीत नावाची, यादीत नाव, मात्रा आणि वेळा या तिन्हींची. वेळांचंही ब्लँकच, कारण बीआयडी-टीआयडीबाबत आमच्या दोघींचं एकमत होत नव्हतं. तिला ‘टी’ वाटत होता, मला काहीच वाटत नव्हतं.

सोबत क्यूएची टिपण. टिपण लिहिणं हे वेगळं कसब आहे आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. ‘औषध ऐकू येत नाही’ एवढंच लिहिलं तर पलीकडच्या रेकॉर्ड विभागातला माणूस फाइल डॉक्टरांकडे ढकलतो, आणि डॉक्टर वैतागून न वाचता सही करतात. आम्ही लिहिलं ते साधारण असं:

“२:४० आणि ५:१२ ला एकाच औषधाचं नाव अस्पष्ट. आवाज क्लोनिडीनच्या जवळचा, पण क्लोनोपिनची शक्यता बाद करता येत नाही. रुग्णाला रक्तदाब आणि अँग्झायटी दोन्ही आहेत. ५:१२ ला पेजरमुळे मात्रा आणि दिवसातल्या वेळाही गेल्या. नाव, मात्रा, वेळा, तिन्ही भराव्यात.”

दोन पर्याय नावानिशी आणि दोन्ही का शक्य आहेत याचं कारण एका ओळीत. वाचणाऱ्याला धोका दिसला पाहिजे, नाहीतर घाईत जे नाव आधी दिसेल तेच तो भरून मोकळा होतो. थेट डॉक्टरांना फोन करण्याची सोय आमच्याकडे नसते. जे काही बोलायचं ते या टिपणीतून.

ऑडिट

फाइल वेळेत गेली. चार-पाच दिवसांनी अंतर्गत ऑडिटमध्ये तिच्यावर शेरा आला: ‘टाळता येण्याजोगं ब्लँक’. त्या मुलीचे गुण कापले गेले, आणि गुण कापले की महिन्याचा इन्सेन्टिव्ह जातो. ऑडिटरचं म्हणणं असं, की मागच्या रिपोर्टमध्ये क्लोनिडीन ०.२ बीआयडी स्पष्ट लिहिलेलं आहे, रक्तदाब उसळल्याचा इतिहास आहे, मग ब्लँक कशाला?

माझं मत मी तिथेही मांडलं आणि इथेही मांडते. ब्लँक कमी असावेत हे खरंच. आळसाने सोडलेलं ब्लँक आम्ही रोज पाहतो. गूगल न करता सोडलेलं शस्त्रक्रियेच्या अवजाराचं नाव, संदर्भ न वाचता सोडलेला पंधरा-पन्नास. त्याला गुण कापायलाच हवेत. पण विचार करून, दोन्ही पर्याय तपासून, टिपण देऊन ठेवलेल्या ब्लँकला तीच शिक्षा केली तर मुली एकच गोष्ट शिकतात: काहीतरी भरून टाका. चुकीचं भरलेलं ऑडिटमध्ये सापडलं तर गुण जातात, पण दर फाइलचं ऑडिट कुठे होतं? ब्लँक मात्र प्रत्येक वेळी दिसतं. हिशेब करून पाहिला तर अंदाज ठोकणंच फायद्याचं. ठाम भाषेत मसुदा लिहून देणाऱ्या मशीनच्या जमान्यात तर असा अंदाज ठोकायला टाइपही करावं लागत नाही, नुसतं पुढे जायचं.

मी शेऱ्यावर हरकत घेतली. तुकड्यांच्या वेळा दिल्या, यादीच्या क्रमाचा तर्क दिला, तो का टिकत नाही तेही दिलं. ऑडिटर आपल्या जागी ठाम. हे लेखी प्रकरण आठवडाभर असंच लोंबकळलं.

या अकाउंटवर, म्हणजे या क्लायंटच्या कामात, सही झालेली प्रत आमच्याकडे परत येते. सगळीकडे येत नाही. ती आली तेव्हा डॉक्टरांनी तिन्ही जागा भरलेल्या होत्या. क्लोनिडीन. ०.१ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा. अमलोडिपिन वाढवून क्लोनिडीन अर्ध्यावर आणलेलं. मशीनचं क्लोनोपिन गेलं, जुन्या रिपोर्टमधलं ०.२ गेलं, तिला ऐकू आलेलं टीआयडीही गेलं.

प्रत जोडून हरकत पुन्हा पाठवली. शेरा ‘न टाळता येणारं ब्लँक’ असा बदलून आला आणि गुण परत मिळाले. फॅमोटिडीनच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं होतं, त्याचा पाव गुण कापलेला तसाच राहिला. तिने त्यावरही हरकत घ्यायची का असं विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं.